जुन्या पिक्चरच्या डिस्क जमवायच्यात? मग नाव नको, प्रत बघून घ्या

सुरुवात डिस्कपासून करू नका, प्लेअरपासून करा. रद्दीवाल्याकडून पिशवीभर डीव्हीडी आणल्या आणि घरी येऊन कळलं की लॅपटॉपला ड्राइव्हच नाहीये, असं बऱ्याच जणांचं होतं. ओप्पोने 2018 ला ब्लू-रे प्लेअर बनवणं सोडलं, सॅमसंगने 2019 ला, आणि व्हीसीआर (कॅसेटचा प्लेअर) बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने तर 2016 लाच तो बनवणं थांबवलं. म्हणजे आता बऱ्याचदा जुनाच घ्यावा लागणार. जुना घेताना सोबत एक व्हीसीडी, एक डीव्हीडी आणि थोडी ओरखडे पडलेली एखादी डिस्क घेऊन जा आणि विकणाऱ्याच्या समोर लावून बघा, दहा मिनिटं चालू दे, मध्येच पुढे ढकला, लेन्स थकलेली असेल तर तिथेच अडकते. ब्लू-रे प्लेअर असेल तर व्हीसीडी हमखास लावून बघा कारण सगळे ती वाचतातच असं नाही. आणि रिमोटशिवाय प्लेअर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी, कारण रीजन बदलायची सेटिंग बहुतेक वेळा रिमोटवरूनच उघडते.

रीजनची भानगड एकदा समजून घेतली की झालं: जगाचे भाग पाडलेत, आणि डिस्क ज्या भागासाठी काढलेली तिथल्याच प्लेअरवर चालते. डीव्हीडीसाठी भारत 5 नंबरमध्ये, अमेरिका 1 मध्ये, युरोप आणि जपान 2 मध्ये. ब्लू-रेला नंबर नाहीत, अक्षरं आहेत: अमेरिका आणि जपान ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, आपण सी. फोर-के डिस्कला रीजनच नाही, तिथे डोक्याला ताप नाही. हिंदी पिक्चरच्या बऱ्याच डीव्हीडी सगळीकडे चालतील अशाच काढलेल्या असायच्या, कारण गिऱ्हाईक दुबई-लंडन-न्यू जर्सीला पण होतं. अडचण येते ती बाहेरच्या डिस्क मागवल्यावर. मल्टिरीजन म्हणजे सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा प्लेअर मिळाला तर उत्तम, कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर मात्र रीजन फक्त 5 वेळा बदलता येतो, नंतर शेवटचा जो असेल तोच कायमचा, त्यामुळे उगाच खेळत बसू नका.

आता काय जमवायचं ते ठरवा. "सगळं जुनं" असं ठरवलंत तर घरात नुसते डबे होतील. एक धागा पकडा. ऐंशीच्या दशकातले मराठी विनोदी पिक्चर, किंवा समांतरवाले, किंवा रामसेंचे भुताचे पिक्चर, किंवा मराठी नाटकांच्या व्हीसीडी (हा प्रकार लोक विसरलेत, पण कितीतरी प्रयोग व्हीसीडीवर आले होते आणि ते दुसरीकडे शोधून सापडत नाहीत). धागा असला की बाजारात हात आपोआप आवरता राहतो.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे प्रत ओळखणं. एकच पिक्चर व्हीसीडीवर वेगळा, डीव्हीडीवर वेगळा आणि टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटवर तिसराच असू शकतो. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288, डीव्हीडीचं 720 बाय 576, ब्लू-रेचं 1920 बाय 1080, हा झाला कागदावरचा हिशोब, पण आपल्याकडच्या डिस्कची खरी दुखणी वेगळीच आहेत. कोपऱ्यात पूर्णवेळ कंपनीचा लोगो, रुंद पडद्याचा पिक्चर चौकोनात बसवायला बाजूची माणसं कापलेली, दोन सीडीत मावायला गाणंच उडवलेलं. कव्हरवर यातलं काहीही लिहिलेलं नसतं.

मग ओळखायचं कसं? सेन्सॉर सर्टिफिकेट! सुरुवातीला येतं ना, जे आपण कधीच वाचत नाही, त्यावर पिक्चरची लांबी आणि रिळं लिहिलेली असतात. तिथे पॉज करा. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण 27.4 मीटर पळते, म्हणजे 4000 मीटर लिहिलं असेल तर पिक्चर जवळजवळ 146 मिनिटांचा. जुन्या सर्टिफिकेटवर लांबी फुटात असेल तर 90 ने भागा. आता डिस्कची वेळ बघा. 140 आली तर लगेच गाणं कापलं म्हणून ओरडू नका, पाल पद्धतीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डिस्कवर सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेम पळतात त्यामुळे पिक्चर 4 टक्के लवकर संपतो, आणि 146 चे 140 तसेच होतात (आवाज पण किंचित बारीक होतो, कान तयार असेल तर गाण्यात कळतं). पण 120 आली तर मात्र कात्री चाललीय हे नक्की.

कधीकधी उलटं पण होतं, व्हिडिओवर थेटरपेक्षा जास्त मिळतं. शोलेचंच घ्या. 1975 ला थेटरात लागला तेव्हा शेवटी पोलीस येतात, कारण ठाकूरच गब्बरला संपवतो हा मूळ शेवट सेन्सॉरला चालला नव्हता. पण तो मूळ शेवट असलेली, सुमारे 204 मिनिटांची प्रत व्हिडिओवर कितीतरी वर्षं फिरत होती, ज्यांच्याकडे होती त्यांनी ती पाहिली, बाकीच्यांना 2025 मध्ये रिस्टोअर होऊन आल्यावर कळलं. म्हणून तर म्हणतो, नाव बघून "आहे माझ्याकडे" म्हणू नका, मिनिटं बघा.

भाषा पण तपासा. पिंजरा मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे आहे, उंबरठा हिंदीत सुबह नावाने आहे, आणि ऑनलाइन विकणारा फोटो एकाचा टाकतो आणि पाठवतो दुसरा. आधी डिस्कच्या छापील बाजूचा फोटो मागा.

बाहेरच्या कंपन्यांकडे वळायचं असेल तर एक गंमत सांगतो. ज्या रामसेंच्या पिक्चरना इथे लोकांनी नाकं मुरडली, त्यांचे पुराना मंदिर आणि बंद दरवाजा मोंडो मकाब्रो नावाच्या छोट्या परदेशी कंपनीने नीट डीव्हीडी संच करून विकले. सत्यजित रायच्या पथेर पांचाली आणि पुढच्या दोन भागांचं तर त्याहून मोठं आहे, 1993 ला लंडनच्या लॅबमधल्या आगीत निगेटिव्ह जळाल्या, उरलेल्या तुकड्यांवर इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये काम झालं आणि क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने 2015 ला ब्लू-रे काढली. अशा कंपन्या चित्र कशावरून घेतलं हे डिस्कच्या पुस्तिकेत लिहितात, ते वाचायची सवय लावा. क्रायटेरियनच्या अमेरिकन ब्लू-रे रीजन ए असतात हे विसरू नका. पोस्टाने मागवलं की पोस्टेज आणि कस्टम मिळून डिस्कइतकेच पैसे जातात, त्यापेक्षा अमेरिकेत कोणी भाऊ-बहीण, मामेभाऊ असेल तर त्याला सांगून ठेवा, तिकडच्या बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानांत जुलै आणि नोव्हेंबरला क्रायटेरियन अर्ध्या किमतीत मिळतात, तेव्हा घेऊन ठेवेल आणि दिवाळीला नाहीतर लग्नाला येताना बॅगेत टाकेल.

इथल्या इथे शोधायचं तर मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस 2016 ला बंद झालं, आता चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि सगळ्यात भारी म्हणजे बंद पडलेल्या सीडी लायब्ररीचा मालक. त्याच्या माळ्यावर गोण्या असतात. गोड बोला, एकदोनच डिस्क मागू नका, गोणीचा भाव ठरवा. भावाबद्दल एक ध्यानात ठेवा, मोझर बेअर कंपनीने एकेकाळी व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 ला बाजारात ओतल्या होत्या, गावोगावी किराणा दुकानात लटकायच्या. त्यामुळे ती डिस्क कोणी "रेअर आहे साहेब" म्हणून पाचशेला देत असेल तर हसून पुढे चला.

हातात घेतल्यावर काय बघायचं: खालची बाजू चंदेरी असेल तर कारखान्यात छापलेली, जांभळट-निळसर असेल तर बहुधा कोणीतरी घरी राईट केलेली. बल्बसमोर धरा, सुईच्या टोकाएवढी भोकं चमकली तर सोडून द्या. मधल्या भोकाशी तडा आहे का बघा. व्हीसीडीचा ओरखडा खालून चालेल एकवेळ, वरून, म्हणजे नाव छापलेल्या बाजूने नको, कारण डेटाचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती जरा दणकट. कॅसेट असेल तर खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते का बघा. कोकणातल्या घरातल्या कॅसेटला असतेच. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला पण लागते.

घरी आणल्यावर पहिलं काम कॉपी. व्हीसीडीला कॉपी-लॉक नसतं, कॉम्प्युटरवर उघडली की एमपेगएव्ही नावाचं फोल्डर दिसतं, त्यातली डॅट फाइल हार्ड डिस्कवर ओढून घ्या, व्हीएलसी प्लेअरमध्ये सरळ चालते. मध्येच अडकली तर डिस्क धुवा, थेंबभर भांड्याचं लिक्विड, पाणी, मऊ फडकं, आणि पुसताना मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. टूथपेस्टचे व्हिडिओ बघून नादाला लागू नका. तरी नाही झाली तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, एकाला जमत नाही ते दुसऱ्याला जमतं. ही कॉपी आपल्यापुरतीच. टेलिग्रामवर चढवायची नाही, भारतात पिक्चरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षं असतो.

ठेवायच्या उभ्या, डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. त्या रेक्झिनच्या चेनवाल्या पाकिटात अजिबात नाही, पावसाळ्यात प्लास्टिक डिस्कला चिकटतं.

शेवटी एक वही नाहीतर एक्सेल शीट करा. नाव, कंपनी, व्हीसीडी का डीव्हीडी, रीजन, किती मिनिटं, सर्टिफिकेटवर किती मीटर, लोगो आहे का, कुठलं गाणं गायब. आणि "कोणाला दिली" हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा, तारखेसकट, कारण उसनी गेलेली डिस्क परत मागायला तोच एक पुरावा असतो.