पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात काम करायचंय? आधी बघायला आणि ऐकायला शिका

सुरुवातीचे काही आठवडे तुमच्या हातात इंजेक्शन कुणी देणार नाही. पिंजरे धुवायचे, टेबल जंतुनाशकाने पुसायचं, आलेल्या प्राण्याचं वजन करून केसपेपरवर लिहायचं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा त्याला धरायचं, एवढंच. बरेच नवे लोक इथेच हिरमुसतात. ‘प्राणी आवडतात म्हणून आले आणि इथे फरशीच पुसतेय!’ पण कुत्र्याने रात्रभर पाण्याला तोंड लावलं नाही, शी पातळ झाली, मांजराच्या उलटीत दोऱ्याचा तुकडा आला, हे सगळ्यात आधी कळतं ते पिंजरा धुणाऱ्यालाच. (दोऱ्यावरून आठवलं, मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर कधीही ओढायचा नाही. दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर आतडं चिरतं.) मी सहायक म्हणून आले आणि सहायकच राहिले. प्राण्यांची आवड तर सगळ्यांनाच असते. टिकतात ते नीट बघणारे, आणि प्राण्याला घेऊन आलेल्या माणसाचं पूर्ण ऐकून घेणारे.

बघण्यापासून सुरुवात करू. माणसांचे आकडे आधी डोक्यातून काढून टाका. कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, मांजराचंही जवळपास तेवढंच. ‘अंग तापलंय’ म्हणून धावत आलेल्या माणसाला थर्मामीटर दाखवला की त्याचा अर्धा जीव भांड्यात पडतो. नाक कोरडं म्हणजे ताप, ही समजूतही तिथल्या तिथे दूर करावी. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. ती पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढुरकी, निळसर किंवा विटकरी हिरडी दिसली तर रांगेचा विचार न करता त्याला थेट आत न्यायचं. झोपेतला श्वास मिनिटाला 30 च्या आत असावा. हा घरीही मोजता येतो, आणि हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याच्या घरच्यांना मी तो मुद्दाम मोजायला शिकवते. आकडा वाढायला लागला तर फुप्फुसात पाणी साठतंय का, हे लगेच तपासून घ्यावं लागतं.

आता ऐकण्याचं. ‘बद्धकोष्ठ झालंय हो याला, सकाळपासून ट्रेमध्ये बसून कुंथतोय,’ असं सांगत एक काकू बोक्याला घेऊन आल्या. बोका पिशवीत गप्प होता. मी विचारलं, ‘काकू, ट्रेमधली वाळू ओली झाली होती का?’ त्या थबकल्या. ‘काल संध्याकाळपासून कोरडीच आहे की.’ डॉक्टरांनी पोट चाचपलं तर मूत्राशय टणक चेंडू झालेलं. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. तिथे बारीक खडे आणि चिकट साका यांचा बूच बसतो. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. भूल देऊन नळी घातली, मोकळं केलं, सलाईन लावलं. सगळं आटोपल्यावर काकू म्हणाल्या, ‘रोज माझ्या उशाशी झोपतो. काल कपाटाखाली जाऊन बसला, तेव्हाच मला चैन पडेना.’ केसपेपरवर यासाठी रकाना नसतो. मी ते समासात लिहिते, कारण दुखणारं मांजर बहुधा ओरडत नाही, लपून बसतं.

म्हणून लक्षण एकही सांगता येत नसलं, तरी ‘आज हा नेहमीसारखा नाहीये’ म्हणणाऱ्या माणसाला हसू नका. प्राण्याची चाल, भूक, दाराची घंटा वाजल्यावर उठण्याची पद्धत हे सगळं त्या माणसाला पाठ असतं. आपल्याला मिळतात दहा मिनिटं, तीही घाबरलेल्या प्राण्याची. प्रश्न मात्र नीट विचारावे लागतात. ‘खातो का?’ म्हटलं की उत्तर ‘हो’ येतं. ‘काल सकाळपासून काय काय खाल्लं?’ असं विचारलं की कळतं, दोन दिवस फक्त पातेलं चाटून सोडून देतोय. जाड मांजर असं दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठते आणि मूळ दुखण्याहून ते भारी पडतं.

सगळ्यात जपून विचारायचा प्रश्न म्हणजे, ‘घरी काही औषध दिलं का?’ सूर जरासा चढला तरी समोरचा लपवतो. आणि नेमकं तेच कळणं गरजेचं असतं, कारण माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ती पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात फार तोकडी आहे. गोळी देणाऱ्याने ती मायेपोटी दिलेली असते. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ हेही कुत्र्याच्या पोटात बहुतेक वेळा असंच जातं, लाडाने. फुलदाणीतली लिली तर मांजराने नुसती चघळली किंवा अंगावर पडलेला पराग चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. रागवायचं असेल तर प्राणी बरा होऊन घरी जाताना रागवा, तेही जमल्यास टाळा. मला स्वतःला ते दर वेळी जमतं असं नाही.

धरण्याबद्दल सगळे विचारतात, पण ते वाचून येत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. कुत्र्यावर वरून वाकू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, बाजूने जा आणि हात त्याला हुंगू द्या. सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर, अंग ताठ करून थिजणं, या सगळ्या गुरगुरण्याआधीच्या पायऱ्या आहेत. आणि गुरगुरला म्हणून कुत्र्याला कधी दटावू नका. तसं केलं तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. मांजराला मानेला धरून उचलायची जुनी सवय काही ठिकाणी अजून दिसते. मला ती पसंत नाही. ज्या पेटीतून मांजर आणलं तिचं वरचं झाकण काढायचं, मांजर खालच्या अर्ध्या भागात स्वतःच्या टॉवेलवर बसलेलं राहू द्यायचं आणि तिथेच तपासायचं. बहुतेकदा भागतं.

मालकाला जवळ उभं करावं का, यावर दवाखान्यांमध्ये मतभेद आहेत. 2015 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जपानी संशोधकांचा एक अभ्यास आला. कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जवळीक वाढवणारं संप्रेरक वाढतं, असं त्यात दिसलं. माणसांनी लहानाचे मोठे केलेल्या लांडग्यांमध्ये तसं आढळलं नाही. माझा अनुभव असा, की मालक शांत असेल तर त्याला कुत्र्याच्या तोंडाशी उभं करावं, अर्धं काम तोच करतो. तो स्वतःच थरथरत असेल तर फॉर्म भरण्याच्या निमित्ताने बाहेर बसवावं.

बरा न होणाऱ्या प्राण्याला कायमचं झोपवण्याच्या शेवटच्या इंजेक्शनची वेळ येते तेव्हा मात्र आत थांबायचं की नाही, हे मालकांनीच ठरवावं, असं मला वाटतं. आपण फक्त आधी सांगून ठेवायचं, कारण न सांगितलेल्या गोष्टी माणसं वर्षानुवर्षं मनात धरून राहतात. डोळे उघडेच राहतील. हृदय थांबल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखं होईल, स्नायू थरथरतील, लघवी होईल, आणि यातलं काहीही वेदनेमुळे नसेल. ‘मी फार लवकर ठरवलं का?’ हा प्रश्न तर येतोच. त्यावर ‘नाही हो’ एवढं पुरत नाही. गेल्या महिन्यात त्याला काय काय करता येत होतं आणि आज काय येतं, हे त्यांच्याच तोंडून बोलून घ्यायचं. ‘जाऊ द्या, दुसरं पिल्लू आणा’ हे वाक्य दवाखान्यात उच्चारू नका. आणि त्यानंतर लगेच पुढचा पेशंट हाताळायला जाऊ नका. दोन मिनिटं मागच्या खोलीत बसा, पाणी प्या. याने फरक पडतो. न बसणारे लोक थकून काम सोडून गेलेले मी बघितलेत.

शिक्षणाबद्दल एकच. पशुवैद्यकाची पदवी घ्यायची असेल तर फक्त कुत्र्या-मांजरांसाठी जाऊ नका. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी सगळं शिकावं लागतं. ही विद्याशाखाच मुळी गुरांमुळे उभी राहिली. 1761 मध्ये फ्रान्समधल्या लिऑं इथे क्लोद बूर्जला यांनी पहिली पशुवैद्यक शाळा काढली, तेव्हा चिंता होती बुळकांडीने मरणाऱ्या गुरांची. (तो रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं 2011 मध्ये.) पदवी नको असेल तर सहायक, प्रशिक्षक, ग्रूमर (प्राण्यांची अंघोळ, केस-नखं बघणारा), निवाराघरातली देखभाल असे रस्ते आहेत. प्रवेशफी भरण्याआधी एखाद्या दवाखान्यात नुसतं जाऊन काम बघा. शनिवारची संध्याकाळ निवडा, गर्दी असते.

रुजू होण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि लशीचं संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून ‘बघू पुढच्या आठवड्यात’ नको. लस घेतलेली असली तरी चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, पुढचे डोस लागतातच. मांजराच्या चाव्याला कमी लेखू नका. दात बारीक असतात, जखम वरून लगेच मिटते आणि आत पू होतो. बोट सुजून लाल झालं तर रात्रीसुद्धा दाखवायला जा.