नळीतून फीड दिल्यावर वर येतं? सिरिंजचा दट्ट्या बाजूला ठेवा

माझ्या लेकाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) आहे, वय 9, आणि गेली 5 वर्षं त्याचं सगळं जेवण पोटाच्या नळीतून, म्हणजे जी-ट्यूबमधून. (नळी आतड्यात असेल तर असं सिरिंजने एकदम फीड द्यायचं नसतं, त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं.)

हात धुणं, फीड गाळणं वगैरे तुम्हाला येतंच. इंदूरच्या मे महिन्यात घरचं फीड 1 तासाच्या वर बाहेर ठेवू नका, बस.

बसवताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी, पण पोटात दुमडून नाही. मऊ उशांत पोर घसरतं, पोट दाबलं जातं आणि मग येतं सगळं वर.

आता खरं काम. आधी हवा काढा. आमच्या मुलांना नीट ढेकर येत नाही. दट्ट्या काढलेली सिरिंज नळीला लावा, पोटापेक्षा वर धरा, क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) उघडा आणि थांबा. बुडबुडे येतात, कधी आधीचं दूधही वर चढतं, ते तसंच परत जाऊ द्या.

मग फीड ओता, आणि ढकलू नका, कोणी कितीही सांगो! मला शिकवणाऱ्यांनीच सांगितलं होतं की दट्ट्याने ढकला, 5 मिनिटांत होतं. अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला जायची घाई होती, तसंच ढकललं, रात्री त्याला उलटी झाली, ती छातीत गेली आणि न्यूमोनियाने आम्ही 11 दिवस हॉस्पिटलमध्ये. तेव्हापासून घड्याळ लावून 150 मिलीला 30 मिनिटं, म्हणजे मिनिटाला 5 मिली. सिरिंज वर केली की वेग वाढतो, खाली केली की कमी, एवढंच शिकायचं आहे. दुधाची पातळी त्याच्या श्वासाबरोबर हलकी वरखाली होते, ते ठीक. तो सारखा गिळायला लागला, लाळ वाढली, पाठ धनुष्यासारखी ताणली की सिरिंज लगेच खाली आणा, दूध परत येऊ दे, शांत झाला की पुन्हा. ही पाठ ताणणं लोकं फिट समजतात, कधी ॲसिडिटीच असते, व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

शेवटी 10 मिली पाणी, आणि तासभर तसंच बसलेलं, आडवं नाही, मालिश नाही, फिजिओथेरपी तर नाहीच.

ओमेप्राझोल ॲसिड कमी करतं, दूध वर यायचं थांबवत नाही, त्यामुळे "औषध चालूच आहे की" म्हणून घाई करू नका. आणि चार दिवस शी झाली नसेल तर आधी ते बघा, भरलेल्या आतड्यावर फीड टिकत नाही.

उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, धाप लागली, ताप आला तर वाट बघू नका. नळी निघून आली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, भोक काही तासांत बुजायला लागतं, ती नळी पिशवीत घाला आणि तसेच हॉस्पिटलला निघा.