संमतीने घटस्फोट: घर आणि कर्जाचं कलम आधी सोडवा

नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर ‘आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत’ असं लिहून घेतलं, म्हणजे घटस्फोट होत नाही. रूढीनेच काडीमोड मान्य असलेले काही समाज सोडले, तर हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. तो कागद हातात धरून कुणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्न रद्दबातल. असा सल्ला देणारा माणूस कितीही जवळचा असो, त्याचं ऐकू नका.

दोघंही तयार असतील तर वाट हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब ची. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम २८ ची, आणि ती जवळपास तशीच आहे. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. घरं वेगळी असलीच पाहिजेत असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून संसार थांबला असेल, तर ते वेगळं राहणंच.

कोर्ट कुठलं? जिथे लग्न लागलं, जिथे शेवटचे एकत्र राहिलात, किंवा पत्नी आत्ता जिथे राहते. नवी मुंबईकरांनी आधी जिल्हा पाहावा: ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कामोठे, कळंबोली रायगडात, पनवेल तालुक्यात.

पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा कोर्टापुढे यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात. पण त्यासाठी वेगळं राहून पुरेसा काळ गेलेला हवा आणि पोटगी, मुलं, पैसे हे सगळं खरोखर मिटलेलं हवं. म्हणजे घाई असेल तरी काम तिथेच येऊन थांबतं: कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींचा लेखी कागद.

या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मला सगळ्यात जास्त झुंजावं लागलं ते या कागदाशी, आणि त्यातही घराच्या कलमाशी. समजा, घोडबंदर रोडला दोघांच्या नावावर फ्लॅट आहे आणि ३५ लाखांचं कर्ज बाकी आहे. टर्म्समध्ये लिहिलं जातं: ‘फ्लॅट पत्नीचा, हप्ते पती भरेल.’ वाचायला छान वाटतं, दोघंही सह्या करतात. पण बँक या कराराची पक्षकार नसते. पतीने वर्षभराने हप्ते थांबवले, तर बँक सहकर्जदार म्हणून पत्नीच्याच मागे लागेल, घरावर टाच येईल आणि दोघांचाही सिबिल स्कोअर पडेल. घटस्फोटाचा हुकूमनामा दाखवून बँक मागे हटत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. आधी बँकेत जा, सह्या नंतर. एकाचं नाव कर्जातून काढायला बँक तयार आहे का, हे लेखी मागा. काउंटरवरचं ‘होऊन जाईल’ पुरेसं नाही. एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नसेल तर काही रक्कम आधी फेडा किंवा दुसऱ्या बँकेकडे कर्ज वळवा. तेही जमत नसेल तर माझं मत ठाम आहे: घर विका. विक्रीच्या पैशातून आधी कर्ज, मग कुणाला किती टक्के, ते टर्म्समध्ये लिहा. मुलांची शाळा जवळ आहे म्हणून न पेलणारं घर धरून ठेवणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते.

घर एकाकडे ठेवायचं ठरलं तर फ्लॅटचं पूर्ण वर्णन मूळ याचिकेतच टाका. जी मिळकत दाव्याचा विषयच नव्हती, ती नुसत्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने नावावर होत नाही; वेगळी नोंदणी लागते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिलं तर बक्षीसपत्राचं मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. हुकूमनाम्यानंतर तुम्ही पती-पत्नी राहत नाही, म्हणजे ही सवलतही राहत नाही. बक्षीसपत्र करायचं असेल तर ते आधी, शक्यतो कोर्टातल्या दुसऱ्या तारखेच्या जवळ करा. नाहीतर एकाने हिस्सा सोडायचा आणि दुसऱ्याने संमती मागे घ्यायची, असं होऊ शकतं. मात्र पैसे घेऊन हिस्सा सोडत असाल तर ते बक्षीस नव्हे, तिथे शुल्क हिशोबाने भरा. घरावर कर्ज असेल तर बँकेची परवानगी हवी आणि जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर हस्तांतराची चौकशी सिडकोकडे आधीच करा.

संमती निकालापर्यंत मागे घेता येते, म्हणून एकरकमी पोटगीही टप्प्याने द्या: काही पहिल्या तारखेला, उरलेली दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने. ‘लवकरच देईन’ हे शब्द टर्म्समध्ये येऊच देऊ नका.

पोटगी किती, याची टक्केवारी कायद्यात नाही. वाद झाला तर दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बंधनकारक केलं. पत्नी नोकरी करते एवढ्यावरून तिचा हक्क संपत नाही. मुलांच्या खर्चाचा हक्क मात्र आई-बाप आपसात सोडूच शकत नाहीत. भेटी ‘सोयीनुसार’ लिहू नका; कुठला रविवार, गणपतीचे कुठले दिवस, मे महिन्याची कुठली पंधरवडी, शाळेतून कोण आणणार, हे सगळं लिहा.

स्त्रीधन पत्नीचंच. दागिन्यांची वजनासह यादी करा आणि परत मिळाल्याची सही त्याच यादीवर घ्या.

पत्नीच्या छळाची तक्रार (पूर्वीचं ४९८-अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) झालेली असेल तर ‘केस मागे घेऊ’ एवढं लिहून भागत नाही. ती रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयातच जावं लागतं. अर्ज कोण करेल, खर्च कोणाचा, दुसरा पक्ष संमतीचं शपथपत्र कधी देईल, हे टर्म्समध्ये हवं.

हुकूमनामा झाला की प्रमाणित प्रती एकापेक्षा जास्त काढा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँक, विमा आणि पीएफवरचं नॉमिनेशन त्याच महिन्यात बदलून घ्या.