ह्यूस्टनमधलं लोडशेडिंग आणि घरचा जनरेटर

"अमेरिकेत वीज जात नाही," असं निघताना मला निदान दहा जणांनी सांगितलं होतं. त्यातल्या एकानेही ह्यूस्टनमध्ये उन्हाळा काढलेला नव्हता. आम्ही २००७ साली आलो आणि पुढच्याच सप्टेंबरात आइक वादळाने आमचं अपार्टमेंट नऊ दिवस अंधारात ठेवलं.

आपल्याकडच्या लोडशेडिंगला निदान वेळापत्रक असायचं. सकाळी सहा ते नऊ, म्हणजे पाणी आधी भरा, मिक्सर आधी फिरवा. इथे वीज एरवी वर्षभर जात नाही आणि जाते तेव्हा दिवसच्या दिवस येत नाही. ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं, तेव्हा वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, तीही जुलैच्या उकाड्यात. त्याच्या आधी मे महिन्यातल्या वादळी वाऱ्याने खांब आडवे केलेच होते. फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट वेगळी. टेक्सासचं ग्रिड बाकी देशापासून जवळपास अलग आहे. थंडीने वीजकेंद्रं बंद पडली, त्यांना लागणारा गॅसही आटला, आणि बाहेरून पुरेशी वीज आणायची सोय नव्हती. म्हणजे इथे उकाडा आणि गारठा, दोन्हींची तयारी ठेवावी लागते.

दुकानात जाण्याआधी दोन शब्द नीट समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखा घोळ होईल. 'इन्व्हर्टर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जिन्याखालची बॅटरी आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन येतो. इथे 'इन्व्हर्टर जनरेटर' म्हणजे इंजिनच, फक्त भार कमी असला की हळू चालणारं, कमी आवाजाचं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना मानवेल अशी स्वच्छ वीज देणारं. आणि 'गॅस' म्हणजे पेट्रोलही आणि शेगडीचा पाइपातला गॅसही. पाइपातल्यासाठी 'नॅचरल गॅस' असं पूर्ण म्हणा.

अपार्टमेंटमध्ये असाल तर इंजिनाचा विचारच करू नका. बाल्कनीत जनरेटर चालवणं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या घरात धूर सोडणं. लिथियम बॅटरीचं पॉवर स्टेशन घ्या. दोन किलोवॅट-तासांचं असेल तर फ्रीज साधारण दिवसभर, शिवाय फोन आणि राउटर भागतात. एसी विसरा.

स्वतःचं घर असेल तर आधी कागद-पेन घ्या. फ्रीज चालताना दीडशे-दोनशे वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर हजाराच्या वर जातो. गॅसवरच्या हीटरचा पंखा पाचशे ते आठशे. एका बेडरूमचा छोटा खिडकीचा एसी पाचशे ते सातशे. मायक्रोवेव्ह दीड हजार, पण तो काय, दहा मिनिटं. हे सगळं पाच-साडेसात हजार वॅटच्या, चाकांवरच्या जनरेटरवर आरामात बसतं. गाडी अडते ती सेंट्रल एसीपाशी. चार टनांचा एसी चालताना चारेक किलोवॅटच घेतो, पण सुरू होतानाचा झटका कित्येक पट असतो. सॉफ्ट स्टार्टर बसवला की तो झटका निम्म्याहून खाली येतो. तरी माझं मत स्पष्ट आहे: एक खोली थंड करा, सगळ्यांनी तिथेच गाद्या टाका. लग्नघरात झोपतोच की आपण.

आणि बॉक्सवरचा मोठा आकडा वाचू नका. तो सुरुवातीच्या झटक्याचा असतो. सतत किती वॅट मिळतात, तो बारीक अक्षरातला आकडा आपला. पेट्रोल, प्रोपेन आणि नॅचरल गॅस तिन्हींवर चालणारे जनरेटर मिळतात. मी आज घ्यायचा तर तोच घेईन, पण पाइपातल्या गॅसवर त्याची ताकद वीस-पंचवीस टक्के घटते, हे धरून चाला.

आमचा पहिला जनरेटर २०२१ च्या थंडीनंतर घेतला, दोनदा चालवला आणि गराजमध्ये ढकलून दिला, टाकीत पेट्रोल तसंच ठेवून. बेरिलच्या सकाळी दोरी ओढून ओढून माझा आणि नवऱ्याचा खांदा निखळायची वेळ आली. शेवटी मीच कार्बोरेटरच्या तळाची वाटी उघडली. आत पेट्रोल नव्हतंच, जुन्या वार्निशसारखा आंबूस वास मारणारा पिवळा चिकट थर होता. जेटचं भोक केसाएवढं, ते पूर्ण बुजलेलं. गिटारच्या तारेच्या तुकड्याने ते मोकळं करेपर्यंत दुपार झाली. मुक्कामाला आलेल्या सासूबाई फ्रीजरमधल्या खोबऱ्याच्या मोदकांकडे बघत म्हणाल्या, "आपल्या सांगलीच्या इन्व्हर्टरला एवढी मनधरणी नाही हो लागत." तेव्हापासून वापर संपला की पेट्रोलची कळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवते, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. साठवणीच्या पेट्रोलमध्ये ते टिकवणारं स्टॅबिलायझर नावाचं द्रव घालते आणि सहा महिन्यांत ते गाडीत ओतून टाकते.

आता जोडणी. जनरेटर विकत घ्यायला एक तास लागतो, खरं काम इथे आहे. काही जण दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवतात आणि कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटमध्ये खुपसतात. असं कोणी सुचवलं तर त्याचा चहा संपायच्या आत त्याला निरोप द्या. मेन ब्रेकर बंद करायचा राहिला, तर तुमची वीज उलटी रस्त्यावर जाते, ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करतो, आणि खांबावर लाइन दुरुस्त करणारा माणूस ती बंद समजून हात घालतो. बरं, दुसरं टोक निसटलं तर उघड्या पिना तुमच्याच हातात.

सरळ मार्ग असा: बाहेरच्या भिंतीवर जनरेटरची वायर लावायचा इनलेट बॉक्स, तिथून घरातल्या ब्रेकरच्या पॅनेलपर्यंत वायर, आणि पॅनेलवर इंटरलॉक. इंटरलॉक म्हणजे एक सरकणारी पत्र्याची पट्टी. मेन ब्रेकर आणि जनरेटरचा ब्रेकर एका वेळी चालूच होऊ देत नाही. ३० अँपिअरच्या इनलेटमधून २४० व्होल्टवर ७,२०० वॅट येतात, म्हणजे आपल्या यादीला पुरून उरतात. मला सगळं मिळून हजार डॉलरच्या आसपास पडलं. काम करणाऱ्याचं राज्याचं लायसन्स टीडीएलआरच्या, म्हणजे ते देणाऱ्या राज्याच्या खात्याच्या, साइटवर तपासा. ह्यूस्टन शहराच्या हद्दीत परमिट लागतं, हद्दीबाहेरच्या वसाहतींत नियम वेगळे असतात, म्हणून पत्ता सांगूनच विचारा. जनरेटरचा मॉडेल नंबरही इलेक्ट्रिशियनला आधीच द्या. काही जनरेटरांत न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले असतात, घराच्या पॅनेलमध्येही असतात, आणि मग जोडल्या जोडल्या जनरेटरचा ब्रेकर पडतो. लोक बिचारे चांगलं मशीन परत करून येतात.

धुराबद्दल मात्र कोणाची भीड बाळगू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. २०२१ मध्ये या शहरात माणसं गोठून गेली, तशी घरात कोळसा पेटवून आणि गराजमध्ये गाडी चालू ठेवूनही गेली. गराजचं दार उघडं ठेवून चालत नाही, छप्पर असलेल्या पॅटिओवर चालत नाही. घरापासून वीस फूट दूर, धुराचं तोंड घराकडे नको आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. पाऊस असेल तर जनरेटरसाठीच मिळतो तो छोटा तंबू लावा. बेडरूमबाहेर बॅटरीवर चालणारा सीओ अलार्म हवाच.

भिंतीलगतचा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा स्टँडबाय संच दहा-पंधरा हजार डॉलरांच्या घरात जातो. घरी ऑक्सिजनवर कोणी असेल किंवा तुम्ही सतत फिरतीवर असाल तर तो जरूर घ्या. एका कंत्राटदाराने आम्हाला २२ किलोवॅटचा संच गळ्यात मारायचा चंग बांधला होता, पण गॅस मीटरचं नावही काढलं नाही. असा संच पूर्ण भारावर तासाला तीनशे घनफुटांहून जास्त गॅस पितो; पुष्कळ घरांचे मीटरच अडीचशेच्या आसपासचे. मीटर आणि पाइप बदलायचा खर्च आधी विचारा. खिडक्या-दारांपासून निदान पाच फूट अंतर लागतं. बार्कर जलाशयालगतच्या वसाहतींत असाल तर २०१७ च्या हार्वे वादळात पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारून चौथरा उंच बांधा. एचओएने, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाने, नाही म्हटलं तर घाबरू नका: २०१५ पासून टेक्सासचा कायदा त्यांना स्टँडबाय संचावर सरसकट बंदी घालू देत नाही, जागा आणि आडोसा तेवढा ठरवू देतो.

चाकांवरचा घेणार असाल तर एप्रिलअखेरपर्यंत थांबा. आपत्तीच्या सामानावर तेव्हा तीन दिवस विक्रीकर माफ असतो, आणि तीन हजार डॉलरांखालचे पोर्टेबल जनरेटर त्यात बसतात. वादळाचं नाव टीव्हीवर आलं की दुकानात पुठ्ठ्याचे रिकामे खोके उरतात.

आमच्या पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे, सासूबाईंच्या अक्षरात. मी घरी नसताना त्यांनी आणि नातवाने मिळून जनरेटर लावून बघितला, तेव्हाच तो लिहिला. "१. सगळी छोटी बटणं खाली. २. मोठं बटण खाली. ३. पट्टी वर सरकव. ४. बाहेर जाऊन तेल बघ, मग दोरी ओढ. ५. वायर लाव, पिळून घट्ट कर. ६. जनरेटरचं बटण वर. ७. आधी फ्रीज, मग बाकीचं. ८. मायक्रोवेव्ह लावताना एसी बंद." आठव्याच्या खाली लाल शाईने दोन रेघा आहेत.