संडास-बाथरूम सफाईचं कंत्राट घेताय? या चुका टाळा

"दादा, तुमची माणसं येऊन गेली, पण वास काही गेला नाही." सोमवारी सकाळी साडेनऊला असा फोन आला की छोट्या कंत्राटदाराच्या डोक्यात पहिली गोष्ट येते ती ॲसिड वाढवायची. मीही बरीच वर्षं तेच केलं. पाच-सहा माणसं, दोन सोसायट्या, एक दवाखाना, एक मंगल कार्यालय एवढाच पसारा असला की माणसाचा वेळ महाग वाटतो आणि कॅन स्वस्त. पण तक्रारींच्या मागे जाऊन बघितलं तेव्हा सफाईचं औषध कमी पडल्याची उदाहरणं फार थोडी निघाली. बहुतेक ठिकाणी औषधाला वेळच मिळाला नव्हता, नाहीतर भलत्याच जागी घासाघीस चालली होती.

ओतलं की लगेच घासायचं

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. मावशी आत जातात, कमोडमध्ये क्लीनर ओततात, लगेच ब्रश फिरवतात आणि फ्लश करतात. दोन मिनिटांत काम खल्लास, आणि तीस-चाळीस रुपयांचं औषध गटारात. क्लीनरला निदान दहा मिनिटं हवीत. म्हणून आत गेल्यावर पहिलं काम कमोडचं आणि शेवटून दुसरं कामही कमोडचंच. आधी फ्लश करा, मग ब्रशने दाबून भांड्यातलं साचलेलं पाणी आत ढकला. ते तसंच राहिलं तर तुमचं औषध त्यातच पातळ होतं. मग बाटलीची वाकडी मान काठाखाली घालून गोल फिरवत ओता आणि सोडून द्या.

ती दहा मिनिटं रिकामी जात नाहीत. जाळ्या-जळमटं, एक्झॉस्ट फॅनची धूळ, मग स्विचेस, दाराची कडी, आरसा, नळ, बेसिन असं वरून खाली आणि कमी घाणीकडून जास्त घाणीकडे यायचं. सीटची वरची-खालची बाजू, फ्लशचं बटण आणि जेट स्प्रे हे त्यानंतर. जेटचं हँडल आपल्याकडे कुणी पुसतच नाही. जो तो त्याला हात लावतो, आणि कुठल्या क्षणी लावतो ते सांगायला नको. मग कमोड घासायचा, ब्रश सीटखाली अडकवून निथळू द्यायचा आणि सगळ्यांत शेवटी फरशी, दाराकडे मागे सरकत.

काठाखाली आरसा धरून बघितलंय कधी? हातातला छोटा आरसा धरा. वरून पांढराशुभ्र दिसणारा कमोड आतून पिवळ्या-तपकिरी खरपुड्यांनी भरलेला असतो. वास तिथून येतो.

फेस आला म्हणजे घाण निघाली

इथे माझीच फजिती सांगतो. पेठेतल्या एका जुन्या इमारतीत सामाईक संडासांचं काम होतं, खाली शहाबादी फरशी. आमचा मुलगा ॲसिड टाकायचा, फरशीवर बुडबुडे यायचे आणि तो खूश व्हायचा, "बघा दादा, कसली घाण खातंय!" घाण कसली, फरशीच खात होतं. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच जातीचा. ॲसिड पडलं की दगड विरघळतो आणि तोच फेस दिसतो. तीन-चार महिन्यांत फरशी खरखरीत झाली, तिला बारीक छिद्रं पडली आणि त्यांत लघवी मुरायला लागली. वास वाढला म्हणून आम्ही ॲसिड वाढवलं. हे चक्र माझ्या लक्षात येईपर्यंत घरमालकाच्या फरशीची वाट लागली होती, आणि निम्म्या फरशीचा खर्च माझ्या बिलातून गेला.

नवीन जागेचं काम घेताना कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले तर त्या फरशीला ॲसिड बंद, फक्त साधं साबणाचं पाणी किंवा न्यूट्रल फ्लोअर क्लीनर. जुन्या मोझॅक टाइल्सचंही तेच, कारण त्यात सिमेंट आणि संगमरवराच्या चिपा असतात. विट्रिफाइड किंवा सिरॅमिक टाइलला स्वतःला फारसं काही होत नाही, पण दोन टाइलमधलं सिमेंट झिजतं आणि पाणी खाली उतरतं. मग खालच्या फ्लॅटमध्ये ओल येते आणि भांडण तुमच्या नावावर.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर नळावर पांढरा थर येणारच. त्यासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घ्या, फडकं भिजवून नळाला गुंडाळा आणि अर्धा तास थांबा. तारेची घासणी मात्र नको. क्रोमवर चरे पडतात आणि तारेचे तुकडे मागे राहून गंजतात. लाल-तपकिरी डाग लोखंडाचा असेल तर ब्लीच लावू नका, तो आणखी पक्का बसतो. तिथेही लिंबूफूलच, पण बुडबुडे येणाऱ्या फरशीवर तेही नको.

दोन औषधं एकत्र

ही एक चूक अशी आहे की तिची किंमत तक्रारीत मोजता येत नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट (म्हणजे पातळ ब्लीच) पडलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने खालीच रेंगाळतो, आणि घासणारं माणूस वाकलेलं असतं. आमच्या एक मावशी चार बाय चारच्या संडासात पंखा बंद ठेवून हेच करत होत्या. "डबल मारलं की चकाचक होतंय," असं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. डोळे चुरचुरायला लागले, खोकल्याची उबळ आली, तरी बादली उचलायला त्या परत आत गेल्या. नशिबाने दोन दिवसांच्या खोकल्यावर निभावलं.

तेव्हापासूनचा नियम असा की एका वेळी एका माणसाच्या हातात एकच औषध. आधी ॲसिडचा क्लीनर, मग दोनदा फ्लश आणि भरपूर पाणी, आणि निर्जंतुकीकरण हवं असेल तर त्यानंतरच ब्लीच. घसा खवखवला की बादली, मोबाईल, सगळं तिथेच सोडून बाहेर यायचं आणि दार उघडं ठेवायचं. श्वास लागला तर सरळ डॉक्टरकडे. मुतारीवरही थेट ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याचं जमत नाही, तिथेही त्रासदायक वायू होतो. आधी पाणी मारा.

याच्याच पोटातली दुसरी खोड म्हणजे पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड भरणं. तहानलेल्या माणसाला ते पाणीच दिसतं. जाड मार्करने बाटलीवर नाव लिहा, वाचता न येणाऱ्यांसाठी लाल चिकटपट्टी लावा. मुळात सायकलवरून विकलं जाणारं सुटं ॲसिड घेऊच नका. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विक्रेत्याला ग्राहकाचं ओळखपत्र बघून नोंद ठेवावी लागते, आणि ही नोंद न ठेवणाऱ्याच्या मालाची तीव्रताही कुणाला ठाऊक नसते.

ब्लीच आहे, पण मेलेलं

दवाखान्याच्या कामात हे हमखास होतं. सोमवारी कॅनभर द्रावण करून ठेवलं आणि शनिवारपर्यंत वापरलं. पातळ केलेलं हायपोक्लोराइट पडून राहिलं की उतरतं, उन्हात तर लवकरच. रोज ताजं करा, गार पाण्यात. कोविडच्या काळात आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांमध्ये एक टक्का द्रावण होतं. ५ टक्क्यांच्या बाटलीतून ते करायचं तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी. आणि घाणीवर ब्लीच मारून उपयोग नाही, ते घाणीशीच झुंजून संपतं. आधी साबणाने धुवा, मग ब्लीच लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या.

फिनाईलबद्दल एक कटू गोष्ट: बाजारातलं स्वस्त पांढरं फिनाईल म्हणजे बऱ्याचदा दूधट पाणी आणि सुवास. गिऱ्हाईकाला वास आवडतो म्हणून आम्हीही वापरतो, पण सफाई झाल्यावर, सफाईऐवजी नाही. डांबरगोळ्यांचंही तेच.

सगळं केलं तरी वास येतो

मग बादली खाली ठेवा आणि न्हाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून गटारात जातं त्या भोकाची, जाळी उचला. आत एक वाटी असते. केस अडकतात म्हणून कुणीतरी ती काढून ठेवलेली असते, आणि गटाराची हवा सरळ वर येते. वाटी जागेवर असेल तर ट्रॅपमधलं पाणी आटलंय का बघा. गटाराचा वास अडवायला साधारण दोन इंच पाणी उभं राहावं लागतं. लग्नसराई संपली की मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर हेच होतं. आमच्या तिथल्या तक्रारीत एक तांब्या पाणी ओतल्यावर अर्ध्या तासात वास गेला. जागा महिनाभर बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी हळू उडतं. याशिवाय बघायच्या जागा म्हणजे कमोडच्या बुडाशी फुटलेलं सिमेंट आणि मुतारीच्या ओठाची खालची बाजू.

फडक्यांचे रंग ठरवा. आमच्याकडे लाल फक्त संडासाला, पिवळं बेसिनला, निळं काचेला आणि बाकी जागांना. रंग कोणताही घ्या, पण ज्या फडक्याने सीट पुसली त्यानेच नळ पुसताना गिऱ्हाईकाने एकदा बघितलं की कंत्राट संपलंच म्हणून समजा. काम झाल्यावर फडकी धुऊन उन्हात वाळत घाला. ओल्या बादलीत चुरगळून ठेवलेला मॉप उद्या स्वतःच वास सोडतो.

शेवटचं, कारण हे काम गोड बोलून गळ्यात मारतात. "आलाच आहात तर तेवढं चेंबरमध्ये उतरून बघा की, चहापाण्याचं देऊ." नाही म्हणा. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली आहे. आत साचलेला वायू दिसत नाही, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. आमचं उत्तर ठरलेलं आहे: "साहेब, सक्शनची गाडी बोलवा, नंबर मी देतो. चेंबर आमच्या कामात येत नाही." हे वाक्य कोटेशनमध्येही लिहून ठेवतो, म्हणजे वाद नको.