पर्ज करूनही न हलणाऱ्या स्टाइल

बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग करणाऱ्यांना हे नवं नाही: बाहेरून आलेली ऑटोकॅडची (संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरची) फाइल उघडावी, तर डायमेन्शन स्टाइलची (मापं कशी दिसावीत ते ठरवणाऱ्या सेटिंगची) यादी हातभर लांब, आणि पर्ज, म्हणजे न वापरलेलं काढून टाकायची कमांड, दिली तरी निम्म्या तिथेच.

आधी ‘स्टँडर्ड’ ही स्टाइल करंट (म्हणजे चालू) करा. करंट स्टाइल पर्ज होत नाही. (म्हणजे ‘स्टँडर्ड’ स्वतः राहील, तिचा नाद सोडा.) मग बिनकामाचे ब्लॉक (एका नावाखाली एकत्र बांधलेल्या आकृत्या) काढा, त्यानंतर डायमेन्शन, मल्टिलीडर (बाण लावलेल्या टिपा) नि टेबल स्टाइल. टेक्स्ट स्टाइल सगळ्यात शेवटी, कारण तिला या साऱ्यांनी धरून ठेवलेलं असतं.

तरीही चिकटून राहिली, तर ब्लॉकच्या पोटात बघा. कोणीतरी ब्लॉक करताना आत एखादं डायमेन्शन ठेवून दिलेलं असतं. ब्लॉक एडिटरमध्ये जाऊन त्याची स्टाइल बदला. फ्रीझ केलेले (म्हणजे लपवलेले) लेयर आणि सहसा न उघडले जाणारे लेआउटही (छपाईसाठी मांडलेली पानं) तपासा. २०२० पासूनच्या आवृत्त्यांत पर्ज न होणाऱ्या गोष्टी आणि त्यामागचं कारण पर्जच्याच खिडकीत दिसतं.

अगदीच हट्टी असेल तर डब्ल्यूब्लॉक या कमांडने संपूर्ण ड्रॉइंग नव्या फाइलमध्ये काढा. न वापरलेलं मागेच राहतं. लेआउट नीट आलेत का ते पाहिल्याशिवाय मात्र जुनी फाइल पुसू नका.