दहावीच्या गणितात येणाऱ्या उत्तराचे गुण कसे राखावेत

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताचे दोन लेखी पेपर असतात. भाग 1 बीजगणिताचा आणि भाग 2 भूमितीचा, प्रत्येकी 40 गुणांचा व दोन तासांचा. तयारी चांगली झालेल्या विद्यार्थ्याचे गुण या पेपरांत बहुधा अवघड प्रश्नावर जात नाहीत. रीत ठाऊक असते, सूत्र पाठ असते आणि तरीही एखादे वजा चिन्ह सुटल्यामुळे उत्तर चुकते. अशी चूक ‘घाईत झाली’ एवढे म्हणून सोडून दिली, की पुढच्या सराव पेपरात ती जशीच्या तशी परत येते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या अशा चुका थोड्याच असतात आणि त्याच त्या असतात, म्हणून त्या ओळखून पकडता येतात.

यासाठी सराव पेपर तपासून मिळाल्यावर गुणांची बेरीज पाहून थांबू नये. स्वतंत्र वहीत प्रत्येक चूक नेमक्या शब्दांत लिहावी. ‘चिन्ह चुकले’ एवढ्या नोंदीचा उपयोग होत नाही. ‘कंसाबाहेर वजा असताना कंसातील दुसऱ्या पदाचे चिन्ह बदलले नाही’ अशी नोंद केली, तर पुढच्या वेळी तसा कंस समोर येताच हात थबकतो. चार-पाच पेपरांनंतर आपल्या चुकांची ओळख पटते, आणि परीक्षेच्या सकाळी वाचण्यासाठी त्या वहीइतके उपयुक्त दुसरे काही नाही, असे माझे मत आहे.

चिन्हांच्या चुका सर्वांत जास्त वर्गसमीकरणात होतात. समजा, ax² + bx + c = 0 या रूपातील समीकरणात a, b, c हे सहगुणक अनुक्रमे 5, −4 आणि −3 आहेत. विवेचक, म्हणजे b² − 4ac, काढताना −4 चा वर्ग 16 येतो आणि पुढचे पद −4 × 5 × (−3) म्हणजे +60 होते, म्हणून विवेचक 76 आहे. शेवटच्या −3 भोवती कंस घातला नाही, तर 16 − 60 = −44 असे लिहिले जाते आणि ‘बीजे वास्तव नाहीत’ असा पूर्णपणे चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून सहगुणकांच्या किमती आधी वेगळ्या ओळीत चिन्हांसह लिहाव्यात, आणि सूत्रात किंमत घालताना प्रत्येक ऋण संख्येला कंस द्यावाच. दोन चलांतील समीकरणे निश्चयकांच्या साहाय्याने सोडवण्याच्या क्रेमरच्या पद्धतीतही ती आधी सामान्य रूपात मांडून, स्थिरपद उजवीकडे नेऊन मगच निश्चयक लिहावेत.

दुसरा मोठा वर्ग वाचनातील चुकांचा. ‘100 आणि 200 यांच्या दरम्यानच्या, 5 ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज’ विचारली असेल, तर श्रेढी 105 पासून 195 पर्यंत जाते, पदे 19 होतात आणि बेरीज 2850 येते. दोन्ही टोके धरली, तर ती 3150 होते. शेअर्सच्या उदाहरणात लाभांश दर्शनी किमतीवर मिळतो, त्यामुळे 10 रुपये दर्शनी किमतीच्या शेअरवर 20 टक्के लाभांश म्हणजे 2 रुपयेच, मग बाजारभाव 50 रुपये का असेना. जीएसटीचा दर 18 टक्के असेल, तर राज्यांतर्गत व्यवहारात केंद्राचा व राज्याचा कर प्रत्येकी 9 टक्के असतो. वयाच्या किंवा संख्यांच्या शाब्दिक उदाहरणात चलाची किंमत मिळाली, की उत्तर झाले असे वाटते. पण प्रश्नात वडिलांचे वय विचारलेले असते आणि आपण मुलाचे मानलेले असते. उत्तराचे वाक्य लिहिण्यापूर्वी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचण्याची सवय यावर पुरेशी आहे.

भूमितीत व्यास दिला असताना तोच त्रिज्या म्हणून वापरणे, एकके न बदलणे आणि रचनेच्या खुणा खोडून टाकणे या नेहमीच्या चुका आहेत. खुणा खोडू नयेत, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच असते.

बहुपर्यायी प्रश्नांत पहिल्या प्रयत्नातील उत्तरच ग्राह्य धरले जाते, त्यामुळे आधी बाजूला कच्चे काम करून मगच पर्यायाचे अक्षर लिहावे. कच्चे काम नीटनेटके, त्या उदाहरणाशेजारीच असावे. कोपऱ्यात गिचमीड केलेला गुणाकार उतरवून घेताना 6 चा 0 होतो.

तपासणी म्हणजे आपण लिहिलेले पुन्हा वाचणे नव्हे. डोळे तेच वाचतात जे आपल्या मनात आहे, म्हणून पडताळा दुसऱ्या वाटेने घ्यावा. एकसामयिक समीकरणांची उकल उत्तरपत्रिकेत नव्हे, तर प्रश्नपत्रिकेत छापलेल्या दोन्ही समीकरणांत घालून पाहावी, म्हणजे उतरवतानाची चूकही सापडते. वर्गसमीकरणाच्या बीजांची बेरीज व गुणाकार सहगुणकांशी जुळतात का ते पाहावे. मध्यक काढला असेल, तर तो मध्यक वर्गाच्या, म्हणजे ज्या वर्गांतरात मधली किंमत येते त्याच्या, आतच पडला पाहिजे.

वेळ कमी उरला असेल, तर आधी सर्व उपप्रश्नांचे क्रमांक पाहावेत, मग 4 गुणांच्या उदाहरणांचा पडताळा घ्यावा आणि नंतर आपल्या वहीतील नेहमीच्या चुकांच्या जागा शोधाव्यात. ठोस कारण सापडल्याशिवाय उत्तर खोडू नये. बदलायचेच असेल, तर जुन्यावर एक आडवी रेघ मारून नवे उत्तर खाली पूर्ण लिहावे, कारण अंकावर अंक गिरवला, तर परीक्षकाला दोन्हींपैकी कोणताच नीट वाचता येत नाही.